राउंडआधीची वेणी

आमच्या वॉर्डच्या सिस्टरांना पाठीमागे सगळे 'हवालदार' म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं आणि आवडतही असावं. त्यांचा एक कायदा होता: डॉक्टरांच्या राउंडआधी चादरीला सुरकुती नको आणि पेशंट पलंगावरून हललेला नको. मी बी.कॉम. होऊन वॉर्डबॉय, म्हणजे सगळ्यांचा 'मामा', झालेला. जिथल्या तिथे सगळं मलाही लागतं, म्हणून आमचं जमलं.

एकदा शिवणकाम करणारी एक बाई दाखल झाली. संध्याकाळी तिच्या पापण्या गळायच्या. चावता चावता जबडा दमायचा, मग हनुवटीला हाताचा टेकू देऊन जेवायची. सकाळच्या राउंडला मात्र टवटवीत. हातापायांत ताकद पुरेपूर. डॉक्टर बुचकळ्यात पडले. घरी सोडायची भाषा सुरू झाली.

सासू म्हणाली, "सकाळी ठणठणीत, आणि काम दिसलं की मान टाकते. ही नाटकं घरीच फुकट बघत होते, इथं कशाला आणलं?"

त्या संध्याकाळी पाणी पिताना बाईला ठसका लागला, पाणी नाकातून आलं. सिस्टरांनी तिला सावरून बसवलं. बाहेर आल्यावर मला म्हणाल्या, "मामा, ही अशीच घरी गेली तर एखाद्या घासाला गुदमरेल. आपण हिला रात्रभर विश्रांती देतो आणि मग डॉक्टरांना दाखवतो. दमलेली त्यांनी पाहिलीच कुठे?"

सकाळी त्यांनी स्वतःचाच कायदा मोडला. बाईला खुर्चीत बसवून हातात फणी दिली.

"वेणी घाल. आता सोड. परत घाल."

"सिस्टर, राउंड जिन्यावर आला," मी म्हणालो.

"येऊ दे."

"नटवताय का हिला?" सासू फणकारली.

"हो आजी, पाहुणे येतायत ना!"

डॉक्टर आले तेव्हा फणी मांडीवर पडली होती, हात वर होत नव्हते. सिस्टर बाईला म्हणाल्या, "छताकडे बघत राहा." बघता बघता दोन्ही पापण्या दुकानाच्या शटरसारख्या खाली आल्या. डॉक्टर विस्कटलेल्या पलंगावरच बसले. मला बर्फ आणायला सांगितला. पापणीवर थोडा वेळ धरल्यावर ती उघडली.

"आजी, नाटक नाही हे," ते म्हणाले. "नसेचा निरोप स्नायूला पोचतो, पण वापरता वापरता क्षीण होतो; गारव्याने थोडा वेळ सुधारतो. रक्त तपासून पक्कं करू. औषध आहे यावर."

तपासणीत तेच निघालं. तेव्हापासून गोळी आधी, तिने जबड्याला बळ आलं की अर्ध्या तासाने जेवण. जेवणाची गाडी ढकलणारा कुरकुरला, "गार होतंय, सिस्टर!"

"होऊ दे. गार जेवणाने कुणी मरत नाही."

रोज सिस्टर बाईला एका दमात आकडे म्हणायला लावत. दम किती पुरतो ते त्यावरून कळे. सासू शेजारी बसून ओठांनी मोजायची.

"आणि आकडे कमी भरले तर?" घरी सोडायच्या दिवशी सासूने विचारलं.

"तर वाट बघायची नाही. तडक इथं आणायचं."

सुनेने फणी उचलली, तशी सासूने ती काढून घेतली आणि मागे बसून वेणी घालू लागली.

"हात खाली ठेव. संध्याकाळी जेवायचंय तुला."