तारेला विचारणारे मेहुणे

आमच्या मेहुण्यांनी जन्मभर माणसांवर डोळे झाकून विश्वास ठेवला, पण बंद केलेल्या बटणावर कधीच नाही. हे माझ्या बायकोचे थोरले भाऊ. कोरेगावात लाइनमन म्हणून निवृत्त झाले, तरी शर्टाच्या खिशात पेनासारखा टेस्टर असतोच. तारेजवळ नेल्यावर वीज असेल तर त्यात लाल दिवा लागतो आणि तो पीं पीं वाजतो. आधी तो चालू तारेला लावायचा, टेस्टर जिवंत आहे ना हे बघायला. मग कामाच्या तारेला. आणि पुन्हा चालू तारेला, मधल्या वेळात तो मेला नाही ना म्हणून. लग्नाला गेले तर अक्षता हातात घेण्याआधी मांडवाचे लोखंडी खांब तपासून येतात. "माझ्या कपाळाला तेवढा लावायचा ऱ्हायलाय," असं वहिनी म्हणतात. आमच्याकडे आले की पाणी पिण्याआधी फ्रिजला टेस्टर. "अहो आबा, बहिणीच्या घरात तरी?" मी एकदा चिडलो. "तारंला तोंड नसतंय, पाव्हणं. इचारल्याबिगर ती सांगत न्हाई." साधा बल्ब बदलताना मला रबरी चप्पल, लाकडी स्टूल आणि काठी घेऊन उभी असलेली बायको एवढा सरंजाम लागतो; मी काय बोलणार?

यंदा उन्हाळ्यात मी त्यांच्या शेतावर गेलो होतो. उसाला पाणी द्यायचं होतं आणि डीपीचा, म्हणजे शेतातल्या ट्रान्सफॉर्मरच्या पेटीचा, फ्यूज उडाला. वायरमनची वाट बघत बसलं तर शेतीला दिवसा मिळते तेवढी लाइट निघून जाते, म्हणून आमच्याकडे लोक फ्यूज स्वतःच टाकतात. मेहुण्यांनी मोटारीच्या अंधाऱ्या खोलीत टेस्टर तपासला, दिवा लागला. मग डीपीची वीज तोडणारं खांबावरचं हँडल खाली ओढलं आणि रणरणत्या उन्हात टेस्टर डीपीच्या पेटीत धरला. "गप हाय," म्हणाले. पुन्हा तपासायला आता चालू तार नव्हती; त्यांनी दुसरा हात पुढे केला.

पीं पीं ऐकून मी आधी स्वतःचा मोबाइल चाचपला. मग डोक्यात उजेड पडला. "आबा, वाजतंय!" म्हणत मी त्यांना शर्टाला धरून ओढलं, आणि आम्ही दोघेही उसाच्या सरीत धपकन बसलो. वर बघितलं तर हँडलच्या तीन पात्यांपैकी एक तसंच चिकटून राहिलेलं.

ते उठले. उन्हात टेस्टरचा दिवा दिसतच नव्हता. लांबूनच टेस्टर पेटीजवळ नेला. "आता?"

"वाजतंय."

मागे घेतला. "आता?"

"नाही."

ते टेस्टरकडे नाही, माझ्या ओठांकडे बघत होते. "कवापास्नं ऐकू येत नसंल वं मला?" असं त्यांनी विचारलं. मग त्यांनी स्वतःच वायरमनला फोन लावला आणि बोलायला माझ्या हातात दिला.

वायरमन येऊन काम करून गेला. तोवर मेहुणे डीपीकडे पाठ करून बांधावर बसून होते. मोटार सुरू झाली, सरीत पाणी आलं. टेस्टर खिशातच ठेवून त्यांनी चपला काढल्या आणि पाय पाण्यात सोडले.

"गार हाय," म्हणाले. "तुमी बी सोडा."