डावा आरसा नसलेली गाडी

त्या तीन गाड्यांमधली एकही माझ्या तळहातापेक्षा मोठी नव्हती, पण तेवढं मला नोकरीत दुसऱ्या कशानंच घाबरवलं नाही.

मी चार वर्षं पोलीस उपनिरीक्षक होते. त्यातली दोन यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या ठाण्यात गेली. पुढे नोकरी सोडली. त्याची कारणं इथे लिहीत नाही. या प्रकरणातल्या माणसांची नावंही लिहीत नाही, कारण ती अजून त्याच तालुक्यात राहतात.

पेरणीच्या तोंडावरचे दिवस होते. सकाळची हजेरी संपत होती, तेवढ्यात कृषी कार्यालयातल्या एक अधिकारी बाई ठाण्यात आल्या. वय पस्तिशीचं. सोबत त्यांचे वडील. बाईंनी पिशवीतून बुटांचा खोका काढला आणि टेबलावर दोन छोट्या पांढऱ्या गाड्या मांडल्या.

"ही अठरा दिवसांपूर्वी ऑफिसात पोस्टानं आली. आणि ही काल सकाळी माझ्या गाडीच्या बोनेटवर ठेवलेली होती."

दोन्ही त्यांच्याच गाडीच्या हुबेहूब प्रतिकृती होत्या. नंबर प्लेटवर त्यांचाच नंबर, एका केसाच्या ब्रशने रंगवावा तसा. पहिली गाडी धड होती. दुसरीचं तोंड आत चेपलेलं होतं.

"मॅडम, तुम्हीच सांगा हिले," वडील म्हणाले. "मी सांगून थकलो. बदली घे, यवतमाळले टेबलावर बस. आयकतच नाही."

"बाबा, आपण तक्रार द्यायला आलोय."

"मंग देऊन राह्यलो ना बाप्पा!"

महिन्याभरापूर्वी बाईंनी बनावट कापूस बियाण्यावरून एका दुकानदाराचं गोदाम सील केलं होतं. तेव्हा त्याने चार लोकांसमोर विचारलं होतं, "एकटीच फिरता ना मॅडम घाटंजीच्या रस्त्यानं?" त्या रस्त्यावर दोन्ही बाजूंनी जंगल आहे, मध्ये मोबाइलला रेंज नसते आणि बाई तिथून रोज एकट्या गाडी चालवत जात. ठाणेदारसाहेबांनी गाड्या पाहिल्या, नंबर पाहिला आणि म्हणाले, "खेळणं असो की काही असो, नंबर खरा आहे. निनावी धमकीचा गुन्हा घ्या." तपास माझ्याकडे आला.

एक गोष्ट ठाण्यात कोणाला माहीत नव्हती. मी शाळेत असल्यापासून छोट्या गाड्या जमवते. क्वार्टरमधल्या कपाटात वरच्या खणात त्या होत्या, कोणी घरी आलं की मी पडदा ओढायचे. त्यामुळे मुद्देमाल सील करण्याआधी मी पंचांसमोर त्या दोन गाड्या जरा जास्तच वेळ हातात धरल्या.

दुकानात मिळणाऱ्या बहुतेक गाड्या डायकास्ट असतात. जस्ताचा मिश्रधातू वितळवून पोलादी साच्यात दाबून त्या काढतात. हातात घेतली की थंड आणि जड लागते. दारं उघडतात, तळाला स्क्रू असतात, आणि एका साच्यातून हजारो निघतात. रेझिनच्या गाडीची जात वेगळी. पातळ रेझिन सिलिकॉनच्या मऊ साच्यात ओतून घट्ट होऊ देतात. गाडी हलकी होते, दारं उघडत नाहीत, पडली तर चेपत नाही, तुटते. पण सिलिकॉन मूळ वस्तूवरची केसाएवढी रेघही सोडत नाही. आणि असा साचा थोड्याच वेळा वापरता येतो, मग फाटतो. म्हणून रेझिनची गाडी पाहिली की एखादा माणूस टेबलाशी बसलेला दिसतो. डायकास्ट पाहिली की कारखाना.

या दोन्ही रेझिनच्या होत्या. तळाला स्क्रू होते, पण ते फिरत नव्हते. ते ओतलेले होते. म्हणजे कोणीतरी एका डायकास्ट गाडीवरून साचा घेतला होता. दुसरीचं चेपलेलं तोंडही चेपलेलं नव्हतं. रेझिन चेपत नाही. कोणीतरी तासन्‌तास बसून एकेक सुरकुती कोरली होती. मला त्या कोरण्याचीच भीती वाटली. रागाच्या भरात कोणी एवढं निगुतीनं काम करत नाही.

दोन्ही गाड्यांना डावा आरसा नव्हता. वाटेत तुटला असेल असं मी पंचनाम्यात लिहिलं. ती माझी चूक होती.

दोन दिवसांनी खबर आली की दुकानदाराचा ड्रायव्हर बाईंच्या गल्लीत घिरट्या घालताना दिसला. दुकानदाराला चौकशीला बोलावलं. तो येऊन बसला आणि आधी पंख्याच्या वेगाबद्दल तक्रार केली.

"तुम्ही त्यांना धमकी दिली होती?"

"देल्ली ना. तोंडानं देल्ली. चार लोकायच्या समोर देल्ली. मी बियाणं इकतो मॅडम, खेळणे नाही इकत. हे असं रंगवत बसाले मले टाइम हाये का?"

"तुमचा ड्रायव्हर त्या गल्लीत काय करत होता?"

"त्याची सासुरवाडी हाये थ्या गल्लीत. थोच सांगते का सासू जेवाले देत नाही म्हणून. इचारा सासूले."

सासूला विचारलं. खरं होतं. आमचे जुने हवालदार मला व्हरांड्यात म्हणाले, "मॅडम, हा ओरडनारा मानूस हाये. गाडी बनवनारा ओरडनारा नाही." तरी मी त्याला सोडलं नाही. पुन्हा पुन्हा तेच प्रश्न विचारत दुपार झाली. तो समोर बाकावर बसलेला असतानाच बाईंचा फोन आला. आवाज इतका बारीक होता की मला दोनदा विचारावं लागलं.

तिसरी गाडी आली होती. रविवार होता, बाई घरीच होत्या, आणि अंगणात उभ्या असलेल्या त्यांच्या गाडीच्या बोनेटवर कोणीतरी ती ठेवून गेलं होतं. या वेळी छोट्या गाडीचं ड्रायव्हरच्या बाजूचं दार पार आत, सीटपर्यंत गेलेलं होतं.

मी दोन पंच आणि एक महिला शिपाई घेऊन गेले. अंगणाचा पंचनामा केला. बाई पायरीवर बसल्या होत्या, दोन्ही हात गुडघ्यांमध्ये धरून. तिसऱ्या गाडीलाही डावा आरसा नव्हता. मी ती उन्हात धरली. रेझिन तुटलं की तुटलेली जागा खरखरीत राहते, रंगाखालचं रेझिन उघडं पडतं. इथे आरशाच्या जागी गुळगुळीत खुंट होता आणि त्यावर पांढरा रंग बसलेला होता. म्हणजे तो तुटला नव्हता, साच्यातच नव्हता. ज्या डायकास्ट गाडीवरून साचा घेतला, तिलाही आरसा नव्हता.

पाणी प्यायला आत गेले. बैठकीत काचेचं शोकेस होतं. त्यात एक ढाल, दोन फोटो आणि एक छोटी पांढरी गाडी.

"ही?"

"शोरूमवाल्यांनी चावीसोबत दिली होती," बाई म्हणाल्या. "घर बदललं तेव्हा पडली. तेव्हापासून तशीच आहे."

मी ती उचलली. थंड, जड, दारं उघडणारी. डावा आरसा नव्हता. मागच्या बंपरवर तांदळाच्या दाण्याएवढा टवका होता. अंगणात सापडलेल्या रेझिनच्या गाडीच्या बंपरवरही त्याच जागी, त्याच आकाराचा खड्डा मी नुकताच पाहिला होता.

शोकेसमधून ही गाडी कोणीतरी काढली होती, तिच्यावर साचा केला होता, पुसून परत ठेवली होती. बाईंना कळलंही नव्हतं.

"घरी कोण कोण असतं?"

"मी आणि बाबा. बस."

तेवढ्यात वडील चहा घेऊन आले. "घ्या मॅडम. साखर कमी टाकली." मी कप घेतला. त्यांच्यामागे परसातल्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं. ते पूर्वी दातांच्या कवळ्या बनवायचे, अजूनही थोडं काम घ्यायचे, हे मला तक्रारीच्या दिवशीच कळलं होतं. मी व्यवसायाच्या रकान्यात तसं लिहिलंही होतं. आत टेबलावर सिलिकॉनचे डबे होते, कोरायच्या बारीक सुऱ्या, आणि ओळीनं मांडलेल्या गुलाबी हिरड्या. कवळीही एक प्रकारच्या रेझिनचीच असते.

मी चहा संपवला. त्या घरात त्या क्षणी काही बोलायची मला हिंमत झाली नाही. सही राहिली आहे असं सांगून दोघांनाही ठाण्यात आणलं.

चारही गाड्या टेबलावर ठेवल्या, शोकेसमधून सोबत आणलेली धातूची मध्ये. मी एकच प्रश्न विचारला, "काका, साचा केव्हा घेतला?"

त्यांनी धातूची गाडी बोटानं सरळ केली. मग म्हणाले, "थो दुकानदार तिले मारून टाकन, मॅडम. मले झोप नव्हती. अन हे घाबरतच नव्हती. कोणीतरी घाबरवाले पाह्यजे होतं ना तिले."

बाई रडल्या नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, "वीस दिवस मी तुमच्या खोलीत गादी टाकून झोपले, बाबा. भीतीनं. तुम्हाला काहीच वाटलं नाही?"

"वाटलं ना बेटा," वडील म्हणाले. आवाजात अगदी माया होती. "थेच वीस दिवस मले झोप आली."

हवालदारांनी मान खाली घातली. मला वाटलं होतं की आता तक्रार मागे घेतली जाईल. घरचं प्रकरण निघालं की नव्वद टक्के वेळा तसंच होतं, असं सगळेच मला सांगायचे. बाईंनी खुर्ची पुढे ओढली. "जबाब लिहा मॅडम. सगळा लिहा."

दुकानदाराला मी स्वतः बाकावरून उठवून घरी जायला सांगितलं. त्याच्यावरचा बियाण्याचा गुन्हा आपल्या वाटेनं चालू राहिला. वडिलांना पुढे न्यायालयाने चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडलं. बाईंनी बदली घेतली नाही. दुसरीकडे खोली केली, आणि त्याच रस्त्यानं, त्याच गाडीनं, एकट्या जात राहिल्या. एकदा भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "रस्त्यात काही वाटत नाही. संध्याकाळी कुलूप उघडून आत जाताना वाटतं."

वडील अधूनमधून ठाण्यात फोन करायचे. "पोचली का ते?" मी काही सांगत नसे. बाईंनी तसं सांगितलं होतं.

धमकीच्या तक्रारीत आम्हाला पहिला प्रश्न शिकवलेला असतो: तुमचं कोणाशी वैर आहे का? तो मी नंतरही विचारत राहिले. पण त्याच्यापुढे स्वतःचा एक जोडला. तुम्ही घाबरल्यापासून घरात कोणाला बरं वाटतंय? कोणाची चिडचिड थांबली, कोणाला झोप लागायला लागली? बहुतेक लोक या प्रश्नावर गोंधळतात, काही हसतात. नोकरीच्या शेवटच्या महिन्यात एका मुलीला मी तो विचारला. तिला कोणीतरी चिठ्ठ्या पाठवत होतं, म्हणून तिनं कॉलेज सोडलं होतं. ती हसली नाही, गोंधळलीही नाही. तिनं मान वळवून दाराबाहेरच्या बाकाकडे पाहिलं. तिला सोबत घेऊन आलेली घरची माणसं तिथे बसली होती.

मी उठून दार लावून घेतलं.