नर वयात येईपर्यंत

दिवाळीच्या आधी घराला रंग दिला तेव्हा मागच्या अंगणातली भिंत अर्धी सोडून द्यावी लागली. त्या अर्ध्या भागात एक कोळी राहत होता आणि तो अजून वयात यायचा होता.

घर यवतमाळचं. माझी बायको बाभुळगावच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते, रोज एसटीने जाते-येते. कोळी हा तिचा विषय आहे. त्यातही जाळं न विणणारे, भक्ष्यावर झेप घेऊन शिकार करणारे छोटे कोळी. डाळीच्या दाण्याएवढा जीव, पण समोर मोटारीच्या दिव्यांसारखे दोन मोठे डोळे असतात आणि आपण हललो की तो वळून बघतो. असे कोळी शोधायला ती सुट्टीच्या दिवशी पार फुलसावंगीपर्यंत जाऊन आली होती. ज्यानं तिची झोप उडवली तो मात्र धुण्याच्या दगडामागे, घरच्याच भिंतीवर सापडला.

आधी सापडल्या त्या दोन माद्या. राखाडी अंगावर विटकरी पट्टा. आजवर नोंदलेल्या कोणत्याच जातीशी त्यांचा मेळ बसेना. तिनं फोटो आणि मोजमापं दूरच्या एका तज्ज्ञांना पाठवली. त्यांचं म्हणणं असं आलं की मादी वेगळी दिसते, पण प्रौढ नर बघितल्याशिवाय ही जात नवीन आहे असं म्हणता येणार नाही. नराच्या तोंडाजवळ दोन आखूड स्पर्शिका असतात. तो वयात येतो तेव्हा त्यांच्या टोकांना एक गुंतागुंतीचा आकार येतो, आणि तो प्रत्येक जातीत वेगळा असतो. ओळख पटते ती त्यावरून. वयात येण्याआधी ती टोकं नुसतीच फुगलेली असतात, हातमोजे घातल्यासारखी.

तसे हातमोजेवाले दोन कोवळे नर तिला मिळाले होते. दोन्ही डबीत ठेवले, माश्या खाऊ घातल्या. शेवटची कात टाकताना दोन्ही मेले. ऑक्टोबरची कोरडी हवा डबीत सोसली नसावी, असा तिचा अंदाज. तिसरा नर दिसला तेव्हा तिनं त्याला हात लावला नाही. जिथे आहे तिथेच तो मोठा होईल, आपण फक्त वाट बघायची, असं ठरवलं. थंडी सुरू झाली की हे कोळी दिसेनासे होतात. म्हणजे हा हातचा गेला तर गोष्ट पुढच्या वर्षावर.

आणि रंगाचं काम दोन दिवसांवर आलं होतं.

आईला हे सांगायचं काम बायकोनं स्वतःच केलं. आई माझी, तिच्या दृष्टीनं दिवाळीची साफसफाई म्हणजे मुख्यतः कोळ्यांविरुद्धची मोहीम.

"अवं, लोक दिवाळीले जाळे काढतात, अन् तू कोळी ठेवून राह्यली?"

"हा जाळं करत नाही, आई."

"मंग करते काय दिवसभर?"

"डास खातो."

आईनं भिंतीकडे नव्यानं पाहिलं. आमच्या गल्लीत पावसाळ्यानंतर डेंगीचे रुग्ण निघतात. आईला स्वतःला एकदा होऊन गेला होता. तरी ती लगेच विरघळली नाही. "भाऊबीजेले माझा भाऊ येईन वणीहून. तो म्हणीन, बहिणीच्या घरी चुन्याले पैसे नव्हते का?"

"मामांना मी समजावते."

"त्याले तू काय समजावशीन? त्यानं जन्मभर कोळशाची खाण पाह्यली. त्याले सगळंच काळं दिसते."

रंगारी आमच्याकडे दरवर्षी येणारे. वय झालेलं, दाढी मेंदीनं रंगवलेली. सगळी गल्ली त्यांना चाचा म्हणते. त्यांनी बायकोचं बोलणं शांतपणे ऐकून घेतलं, चष्मा काढून कोळी पाहिला आणि ब्रश बादलीत ठेवला.

"मॅडम, मकडीशी आपलं काही वैर नाही. पण अर्धी भिंत सोडली तर लोक म्हणतीन, चाचाले आता दिसत नाही. धंद्याची गोष्ट आहे."

"मी सांगेन ना लोकांना."

"तुम्ही कोणाकोणाले सांगत फिरसान?"

शेवटी तोडगा त्यांनीच काढला. सोडायचीच तर अशी सोडू, की मुद्दाम सोडली हे लांबूनही कळलं पाहिजे. त्यांनी दोरी ताणून रेघ मारली, सोडलेल्या भागाभोवती गेरूची सरळ चौकट काढली आणि बाहेरची भिंत दोन हात चुना देऊन पांढरीशुभ्र केली. मधला जुना, पोपडे आलेला चौकोन फ्रेममधल्या तसबिरीसारखा उठून दिसू लागला. जाताना त्यांनी लांबून एकदा पाहून घेतलं आणि म्हणाले, "आता कोणी नाही म्हणणार का विसरला म्हणून."

दुसऱ्या दिवसापासून नर दिसेनासा झाला. विटेच्या खाचेत पांढरी रेशमी पिशवी मात्र तयार झाली होती. बायकोचा चेहरा खुलला. कात टाकण्याआधी हे कोळी अशी पिशवी विणून स्वतःला आत बंद करून घेतात. आता तिला हात लावायचा नाही, फुंकर मारायची नाही, धुण्याचं पाणी त्या बाजूला उडवायचं नाही. ती कॉलेजात असताना लक्ष ठेवायचं काम आईकडे आलं. आईनं "मले दुसरे धंदे नाहीत का?" असं म्हणत ते घेतलं आणि निवडायचं धान्य, सोलायचा लसूण, सगळं घेऊन ती मागच्या दारातच बसू लागली.

मुंगळ्यांची रांग चौकटीकडे वळलेली तिनंच पाहिली. मुंगळे पिशवी फाडतील या भीतीनं तिनं मुंग्यांचा खडू शोधला. तो विषारी असतो हे वेळेवर आठवलं म्हणून ठेवून दिला आणि आमच्याकडे मुंग्यांना अडवायला जी वापरतात ती हळद आणली. चौकटीच्या आत, पिशवीच्या खालून हळदीची जाड रेघ ओढली. मुंगळे वळले.

याचा एक परिणाम कोणाच्याच लक्षात आला नाही. पांढरीशुभ्र भिंत, तिच्यात गेरूची चौकट, चौकटीत हळद आणि हळदीच्या वर काहीतरी पांढरं. आमच्या भागात अशी जागा दिसली की माणूस आधी चप्पल काढतो.

बायको संध्याकाळी कॉलेजातून आली तेव्हा चौकटीखाली झेंडूची दोन फुलं होती, कुंकू होतं आणि विटेच्या फटीत खोचलेल्या दोन उदबत्त्या जळत होत्या. धूर सरळ पिशवीवर जात होता. तिनं उदबत्त्या हातानंच चुरगाळून विझवल्या. बोटं भाजली ते तिला नंतर कळलं.

"आई, हे तुम्ही केलं?"

"मी कायले करू? मी दळण आणाले गेलती."

शेजारच्या वहिनी सांडगे वाळवायला आमच्याच अंगणात येत असत. त्यांना बोलावलं. त्या हसतच आल्या.

"मीच लावल्या, काकू. तुम्ही काही सांगितलं नाही, पण मले वाटलं स्थापना केली. म्हटलं, आपण हात जोडायले काय जाते?"

"कशाची स्थापना, वहिनी?" बायको म्हणाली. "आत कोळी आहे."

"कोळी?" वहिनींनी पिशवीकडे पाहिलं, कुंकवाकडे पाहिलं. "मंग मी नवस बोलली त्याचं काय?"

त्या परिस्थितीतही बायकोला हसू आलं. पण रात्रीच्या जेवणात तिचं लक्ष नव्हतं. धुराचा कोळ्यांवर परिणाम होतो. किती होतो, हे तिला सांगता येईना. पिशवी उघडून बघणं म्हणजे त्याला मारणंच. त्यामुळे पुढचे काही दिवस घरात चकल्या तळल्या गेल्या, आकाशकंदील लागला, आणि दर थोड्या वेळानं कोणीतरी मागच्या दारात जाऊन येत राहिलं. काही नाही, असं सांगायचं आणि परत कामाला लागायचं. वहिनी तर सांडग्यांशिवायही येऊ लागल्या.

लक्ष्मीपूजनाच्या सकाळी उन्हं भिंतीवर आली आणि पिशवीच्या तोंडाशी हालचाल झाली. आधी दोन पाय बाहेर आले, मग ते मोठे डोळे. मग सगळा. आधीचा मळकट रंग गेला होता. अंग काळंभोर, त्यावर विटकरी पट्टा, आणि तोंडापुढे दोन पांढऱ्या मिश्या. बायकोनं भिंग लावून स्पर्शिकांची टोकं पाहिली. पुन्हा पाहिली. भिंग माझ्या हातात दिलं. मला काळं-पांढरं काहीतरी दिसलं.

"हा कोणाशीच जुळत नाही," ती म्हणाली, आणि आईला मिठी मारली. हे आमच्या घरात सहसा होत नाही.

आई खूश होती. बायको घरातून स्पिरिटची छोटी बाटली घेऊन आली तोवर खूश होती.

"हे कायले?"

बायकोनं सांगितलं. नवीन जात जाहीर करायची तर नमुना संग्रहालयात जपून ठेवावा लागतो. उद्या कोणाला शंका आली तर त्यानं तो उघडून ताडून पाहावा, म्हणून. फोटो पुरत नाही.

आईनं लसूण सोलायला घेतलेलं सूप बाजूला ठेवलं. "म्हणजे मारून टाकशीन."

"हो."

"इतके दिवस मी याले मुंगळ्यापासून वाचवलं, ते मारायले?"

बायको बाटली हातात घेऊन उभी राहिली. कोळी दोघींच्या मधोमध भिंतीवर बसून एकदा इकडे, एकदा तिकडे वळत होता.

"मी नाही म्हणत नाही," आई शेवटी म्हणाली. "तुझं काम आहे, कर. पण पोरगं आजच वयात आलं. निदान त्याचं लगन होऊ दे."

अट अवघड होती. नर मोकळा सोडून थांबायचं म्हणजे तो निघून जाण्याचा, पालीच्या तोंडी जाण्याचा धोका. पण नळाजवळ एक मादी असते हे बायकोला ठाऊक होतं, आणि या जातीचा प्रणय कोणी नोंदवलेला असणं शक्यच नव्हतं. बायको बाटली आत ठेवून कॅमेरा आणि तिपाई घेऊन आली.

पाडवा असाच गेला. भाऊबीजेला मामा वणीहून आले. चाचांनाही आईनं फराळाला बोलावलं होतं. सगळे मागच्या अंगणात खुर्च्या टाकून भिंतीकडे तोंड करून बसले होते. मामांनी चौकटीबद्दल विचारायचं ठरवलं असेल तरी त्यांना कोणी संधी दिली नाही. नळाकडची मादी चौकटीपाशी आली आणि नर तिच्यापुढे उभा ठाकला.

त्यानं पुढचे दोन पाय वर केले, झांजा धरल्यासारखे. एका बाजूला सरकला, थांबला, पोट थरथरवलं. दुसऱ्या बाजूला सरकला. मादी जागची हलली नाही.

"भाव खाऊन राह्यली," मामा म्हणाले.

"त्यालाही खाऊ शकते," बायको कॅमेऱ्यामागून म्हणाली. "पसंत नसला तर."

मामांनी चिवड्याची बशी मांडीवर ठेवली. "ताई, तुमच्या घरच्या बायका पहिलेपासूनच अशा."

नरानं पुन्हा पाय उचलले. प्रत्येक फेरीत तो जरासा जवळ येत होता. मादीनं एकदा झेप घेतल्यासारखं केलं, तसा तो उडी मारून मागे गेला आणि अंगणात सगळ्यांनी एकदमच श्वास रोखला. मग तो परत आला. तेच पाय, तीच थरथर.

"काय हिंमत आहे," चाचा हळूच म्हणाले.

शेवटी मादीनं अंग आकसून घेतलं आणि नर तिच्यावर चढला. आईनं पदर सारखा केला आणि हातातले चार मुरमुरे भिंतीच्या दिशेनं टाकले, अक्षतांसारखे.

"कबूल, कबूल," चाचा म्हणाले आणि सगळे हसले. त्या दिवशीच्या चित्रीकरणात हे सगळे आवाज आहेत. शोधनिबंधासोबत चित्रफीत देताना बायकोला ते काढून टाकावे लागले.

संध्याकाळी नर बाटलीत गेला. बायकोनं आईला विचारूनच ते केलं. आई तेव्हा देवघरात होती. तिनं मान हलवली आणि दिवा लावला.

त्यानंतरचं काम सावकाश चाललं. चित्रं, मोजमापं, परीक्षकांच्या शंका, शंकांना उत्तरं. मी वर्तमानपत्रात काम करतो, आणि घरातली ही बातमी मला छापायची बंदी होती. निबंध प्रसिद्ध होईपर्यंत एक ओळ नाही, असं बायकोनं बजावलं होतं. जात नवीन असल्याचं तज्ज्ञांनी मान्य केलं आणि निबंध स्वीकारल्याचं कळलं, तेव्हाही तिनं तेच सांगितलं. पण ते तिनं मला सांगितलं. ही बंदी आईला कोणी सांगितली नाही.

ते लक्षात आलं तेव्हा मी दुपारच्या पाळीला निघालो होतो. आई पेढ्यांचा डबा घेऊन फाटकात उभी होती, आणि समोर शेजारच्या वहिनी.

"पेढे कायचे, काकू?" वहिनींनी मला सोडायला आलेल्या बायकोकडे बारकाईनं पाहिलं. "मुलगा का मुलगी?"

"मुलगा," आई म्हणाली. "मुली आधीच दोन होत्या."

वहिनींचा पेढा तोंडापाशीच थांबला. आईनं त्यांना हाताला धरून मागच्या अंगणात नेलं. बायकोही मागोमाग गेली, मला डोळ्यांनी गप्प राहायला सांगत. भिंतीवर राईएवढी पिल्लं उन्हात फिरत होती.

"सगळ्या जगात असा कोळी पहिल्यांदा आपल्याकडं सापडला," आई सांगत होती. "नावात यवतमाळ टाकलं सूनबाईनं."

"गल्लीचं नाव टाकाले पाह्यजे होतं," वहिनी म्हणाल्या आणि डब्यातून दुसरा पेढा घेतला.