सातशे रुपयांची मर्यादा

१९८६ साली, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, आमच्या गावच्या शाळेत अकरा गावांची बावीस माणसं बसली आणि ठरलं, की कबड्डीच्या सामन्यांसाठी कोणत्याही गावाने आपल्या सात खेळाडूंना मिळून हंगामभरात सातशे रुपयांच्या वर द्यायचे नाहीत. बाविसांत मी होतो. तेविसावे माझे साडू, या अकरा गावांच्या कबड्डी मंडळाचे चिटणीस. नियम त्यांनीच लिहिला. त्यांच्याइतका सचोटीचा माणूस अख्ख्या परभणी जिल्ह्यात सापडणार नाही, आणि त्या सचोटीने त्या वर्षी जेवढा अन्याय केला तेवढा एखाद्या लबाडालाही जमला नसता. हे मी त्यांच्या तोंडावर सांगितलेलं आहे, म्हणून लिहायला हरकत नाही.

पिंगळी स्टेशनावर एकदा तिकीटबाबू जागेवर नव्हता, तर या माणसाने समोर उभी असलेली गाडी जाऊ दिली आणि स्वतःच्या मुलीच्या साखरपुड्याला दुसऱ्या दिवशी पोचला. एसटीत कंडक्टर तिकीट द्यायला विसरला तर ते उतरल्यावर आगारात जाऊन पैसे भरत, आणि तिथला साहेब घेत नसे म्हणून त्याच्याशी भांडत. नामांतराच्या मोर्चांपायी गाड्या बंद होत्या, तेव्हा मंडळाच्या बैठकीला नऊ कोस चालत आले. वेळेच्या पाच मिनिटं आधी. आमच्याकडे चहा घेतला की बायकोला म्हणत, "साखर जास्त पडली, ताई. पुढच्या वेळी कमी टाका, फिटून जाईल."

असा माणूस खेळाडूंचा मोबदला मोजायला बसला! आमच्या घरून एका खेळाडूला दोन भाकरी आणि ठेचा गेला, त्याची किंमत त्यांनी सव्वा रुपया धरली. आमचं गाव मर्यादेच्या सव्वा रुपया वर गेलं म्हणून दोन गुण कापले. शेजारच्या गावाने अंडी दिली, त्यांचा एक गुण गेला. नदीकाठच्या मोठ्या गावाने मात्र एका खेळाडूला ट्रॅक्टरवर नोकरी दिली, दुसऱ्याच्या भावाला पिठाची गिरणी चालवायला दिली, आणि दोघांच्या नावापुढे शंभर-शंभर रुपये लिहून कागद आणून दिला. साडूंनी तो दोनदा वाचला आणि म्हणाले, "कागद बरोबर हाय." त्यांना अंडं दिसलं, ट्रॅक्टर दिसला नाही.

आमच्या गावाचा चढाईवाला होता महादू. दरवर्षी दिवाळी झाली की मुकादमाची उचल घेऊन नवरा-बायको ऊसतोडीला जायचे. त्या वर्षी बैठकीच्या आधी नदीकाठच्या गावाने त्याला पंधराशे रुपये कबूल केले होते. तो माझ्याकडे आला. "काका, बायकोला सातवा महिना हाय. पंधराशे मिळाले तर उचल घेत न्हाई, घरीच राहतो." त्यात आमच्या गावाचा तोटा होता, तरी मी म्हटलं, जा. मग ठराव झाला. नदीकाठचे मालक त्याला म्हणाले, "आमची द्यायची लय इच्छा हाय रे, पण नियम आडवा यायलाय." त्यांचे पंधराशे वाचले. ट्रॅक्टर चालवायला महादूला येत नव्हता, म्हणून ती वाटही बंद. आमच्या गावाने सातशेतून त्याला अडीचशे लावले, बाकी सहा जणांना पंचाहत्तर. सहा सामन्यांचे अडीचशे.

मी साडूंना गाठलं. ते म्हणाले, "साडभाऊ, गेल्या साली एका गावानं तीन माणसं इकत आणली अन् सामना अठ्ठेचाळीस-नऊ झाला. अर्धी माणसं उठून गेली. लहान गावानं काय करावं?"

"ते खरं. मग सामन्याच्या तिकिटांतून येणाऱ्या पैशाला मर्यादा का नाही?"

"मंडप लागतो, ढाल लागते. पाव्हण्यांना फेटे लागतात."

"म्हणजे फेट्याला मर्यादा नाही, खेळाडूच्या गुडघ्याला आहे! देणारा द्यायला तयार, घेणारा घ्यायला तयार. तिसऱ्याने आडवं यायचं, हे कोणत्या कायद्यात आहे?"

"ठरावात हाय. तुमची बी सही हाय."

"माझी आहे. महादूची आहे का?"

त्यांनी वही उघडून ठरावाचं पान काढलं. मग हळूच म्हणाले, "खेळाडूला बैठकीत बसवायचा नियम न्हाई."

महादू पहिला सामना खेळला, एकट्याने अकरा गडी मारले, आणि दिवाळीनंतर ट्रक आला तेव्हा उचल घेऊन चढला. बायको मागच्या बाजूला गाठोड्यावर बसली होती. उरलेले पाच सामने आम्ही हरलो. नदीकाठचं गाव ढाल घेऊन गेलं. फेटे बांधायच्या वेळी मी घरी निघून आलो. त्या ठरावावरची माझी सही आठवली की आजही माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

पौषात साडू कुणाला न सांगता साखर कारखान्याच्या रस्त्याला लागले. महादूला त्याच्या एका सामन्याचा हिस्सा द्यायचा राहिला होता, तो घेऊन. तीन दिवसांनी परतले ते थेट आमच्याकडे. चहा घेतला, साखरेबद्दल काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "फडातच बाळंत झाली ती. लेकरू पाचटावर निजलं होतं. त्याच्या मुठीत थोडं ठेवून आलो. साडभाऊ, ते मोबदल्यात धरावं का?"

मी म्हटलं, "धरू नका."

त्यांनी मान हलवली. वही उघडली नाही. त्या उन्हाळ्यात त्यांनी चिटणीसपद सोडलं.

महादूला एक्केचाळीस रुपये सत्तर पैसे मिळाले. हिस्सा एक्केचाळीस सदुसष्टचा होता, वरचे तीन पैसे साडूंनी पदरचे घातले. लेकराला अकरा रुपये.