देवीची उजवी बाजू

चहा आधी घशाखाली जाऊ द्या, मगच सांगते. मागच्या वेळी हा किस्सा सांगितला तेव्हा मावशीच्या नाकातून चहा आला होता. तुम्हाला हसायला काय जातं म्हणा! मी त्या दिवसांत मरता मरता वाचले होते. म्हणजे, माझ्या मते.

मी नुकतीच बी.ए. होऊन गोव्यात इब्रामपूरला घरी बसले होते. बसले होते म्हणजे काय, घाबरत होते. पाल चुकचुकली तरी माझ्या हातातलं भांडं पडायचं. अशा मुलीच्या पाठीवर देवाने गाठ द्यावी?

सापडली ती ब्लाउजचं माप देताना. कपडे शिवणारी शेवंतामावशी माझ्या खांद्याखाली टेप फिरवताना थांबली.

"नलू, हें कितें गो? चिकू लिपयला काय?"

चिकू लपवलाय म्हणे! हात मागे वळवून चाचपलं, तर खरंच गोल, मऊ, आणि बोट लावलं की सरकून जाणारं. दुखत मात्र अजिबात नव्हतं. झालं! मी कुठेतरी वाचलं होतं, दुखत नाही तेच वाईट.

म्हापशाच्या डॉक्टरांनी दोन बोटांनी दाबून पाहिलं. "चरबीची गाठ आहे. काही अपाय नाही. नको असेल तर काढून टाकू. तेवढीच जागा बधिर करायची, थोडा वेळ लागेल, संध्याकाळी घरी."

"कॅन्सर?"

"नाही."

"नक्की?"

"नक्की."

"की मला बरं वाटावं म्हणून...?"

डॉक्टरांनी पुढच्या पेशंटला हाक मारली. आता तुम्हीच सांगा, याचा अर्थ मी काय घ्यायचा?

पुढच्या आठवड्यात बोलावलं होतं. पण तेव्हा राजभाषेचा वाद असा पेटलेला, की आज बस बंद, उद्या रस्त्यावर झाड आडवं. आमच्या घरातच बाबा मराठीवाले, काका कोंकणीवाला. दोघांचं बोलणं दोन्ही भाषांत बंद! म्हापशाला जाणं पुढे पुढे गेलं आणि मला काळजी करायला भरपूर मोकळा वेळ मिळाला. तेवढ्यात त्या चिकूचा नारळ झाला. पाठीवर नाही हो, डोक्यात.

शेवटी ठरवलं, देवीला कौल लावायचा. मूर्तीच्या दोन्ही बाजूंना ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, गाऱ्हाणं घालायचं आणि बघत बसायचं. उजवी पाकळी पडली तर हो, डावी पडली तर नाही. हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. अडचण एकच. आमचे गुरवमामा गाऱ्हाणं घालायचे ते अशा आवाजात, की हद्दीपलीकडे दोडामार्गच्या माणसाने "ओ" द्यावी. माझी पाठ दोन राज्यांत? छे!

"मामा, काम मनातलं आहे," मी म्हटलं. "मोठ्याने नको."

मामांनी माझ्याकडे बघितलं. लग्नाच्या वयाची मुलगी, खाली मान, मनातलं काम. ते गालातल्या गालात हसले. तेव्हाच मला शंका यायला हवी होती! त्यांनी पाकळ्या लावल्या, तोंडातल्या तोंडात पुटपुटले आणि म्हणाले, "देवी आज निवांत आसा. हांव पेज जेवन येतां. तूं बस."

गाभाऱ्यासमोर मी एकटी. मनात विचारलं, "आई, ऑपरेशन केलं तर मी जगेन?"

पाकळी हलली. लोंबकळली. पडली.

डावी!

मी कशी घरी पोचले मला आठवत नाही. चपला देवळातच राहिल्या. आल्या आल्या धाकट्या बहिणीला बोलावलं, ट्रंक उघडली आणि माझी मोतिया रंगाची नवी साडी तिच्या हातात दिली. "कुंदा, ही तुझी. माझी आठवण म्हणून नेस."

कुंदाने एका अक्षराने विचारलं नाही, का म्हणून! साडी घेऊन पळाली.

मग आई आली. चेहरा फुललेला! मागे गुरवमामा, हातात माझ्या चपला.

"रडू नको गो बाय," आई म्हणाली. "एक दिवस सगळ्यांनाच जावं लागतं."

"तुला... कळलं?"

"मामांनी सांगितलं. मे महिन्याच्या आत उरकून टाकू."

उरकून? माझ्या जन्मदात्या आईने हे म्हणावं?

"वाळपईच्या त्या मुलाकडे उद्याच निरोप धाडते," आई पदराने माझे डोळे पुसत म्हणाली.

"माझ्या मरणाला वाळपईचा मुलगा कशाला?" मी किंचाळले.

मग हुंदके देत मी पाठ, चिकू, डॉक्टर, सगळं सांगून टाकलं. "आणि देवीने डावी पाकळी दिली!"

"डावी?" मामा चमकले. "उजवी पडल्या! पेज जेवन आयलों आनी माज्या दोळ्यांनी पळयल्या. म्हणूनच तर लग्नाचें सांगलें."

"मी समोर बसून बघितलंय, मामा!"

"समोर बसून!" मामांनी कपाळावर हात मारला. "आगो, देवी तुज्याकडेन तोंड करून बसल्या. तुजी डावी ती तिची उजवी! कॉलेजीत कितें शिकलें गो तूं?"

दाराआडून कुंदाचा आवाज आला, "साडी मी परत देणार नाही हं."

रस्ते उघडल्यावर बाबा मला म्हापशाला घेऊन गेले. मी टेबलावर पालथी पडले. डॉक्टरांनी विचारलं, "उजवीकडची ना?"

मी ताडकन मान वर केली. "कुणाची उजवी, डॉक्टर? माझी की तुमची?"

म्हातारी नर्स माझं डोकं खाली दाबत म्हणाली, "बाय, तूं उपडी आसा. आतां दोगांचीय उजवी एकाच कुशीक. निद."

सुई टोचली, मग नुसतं कुणीतरी ओढतंय असं वाटत राहिलं. "सुरू करताना सांगा हं," मी डोळे मिटून म्हटलं. डॉक्टर म्हणाले, "टाके घालतोय." बाटलीत पिवळाधमक गोळा दाखवला. लोण्यासारखा! एवढ्याशा लोण्यासाठी मी साडी घालवली होती.

गावात कुणाला कळू द्यायचं नव्हतं. मामांनीही देवीसमोर शपथ घेतली. टाके निघाल्यावर आई मला देवीची ओटी भरायला घेऊन गेली. शुक्रवार होता, देऊळ बायकांनी भरलेलं.

"देवीच्या उजव्या कुशीक दवर," मामा म्हणाले.

या वेळी म्हटलं, ओटी ठेवताना चुकायचं नाही. देवी जिकडे तोंड करून बसलीय, तिकडे आपणही तोंड करायचं, म्हणजे हिशेब सोपा. मी ओटीचं ताट घेऊन सरळ गर्रकन वळले.

"आगो!" शेवंतामावशी ओरडली. "देवीक पाठ दाखयता ही!"

देऊळभर कुजबुज. आणि गुरवमामा माझी बाजू घ्यायला धावले, गाऱ्हाण्याच्या त्या आवाजात.

"दाखोवंदी गो! गाठ काडल्या तिची! टांक्यांची खूण पळोवंदी देवीक!"

देवीला बघू दे म्हणे! दोडामार्गहून कुणी "ओ" दिली का, मला ऐकू आलं नाही. मी कानांवर हात ठेवायला गेले होते, हातातलं ताट सुटून ओटीचा नारळ गडगडत देवीच्या डावीकडे गेला होता. माझ्या नव्हे हो. देवीच्याच!