टाकीवर चढलेला फेटा

माझ्या हातनं आजवर शेकडो डोक्यांना फेटा बांधून झाला. त्यातलं एकच डोकं चुकलं, आणि लोकांच्या ध्यानात तेवढंच राहिलं.

मी बेळगावजवळच्या येळ्ळूरचा. शिक्षण चौथी (गुरुजी तिसरी म्हणायचे, पण ते आता हयात न्हाईत, तेव्हा माझंच खरं धरायचं). शाळेनं मला काय दिलं न्हाई. पण फेटा बांधावा तर मीच, हे कंग्राळीपासनं मच्छेपर्यंत कुणालाबी विचारा. नवरदेव असो, पुढारी असो, मिरवणुकीतला लेझीमवाला असो, माझ्या हातचा फेटा दिवसभर पळापळ केली तरी हलत न्हाई. माझा स्वतःचा तर कधीच हलत न्हाई. सकाळी उठल्यावर डोक्यावर चढतो, तो झोपतानाच उतरतो.

आमची सून वैशाली बेळगावात बँकेत नोकरीला. तिथल्या एका सेवा क्लबात ती जाते. दर महिन्याला ही मंडळी जमतात, रक्तदान करतात, शाळेत वह्या वाटतात, आणि कुणीतरी पाहुणा बोलावून भाषण ऐकतात. भाषण ऐकून शहाणं होतात म्हणे! मधुमेहावरच्या भाषणाला मी स्वतः हजर होतो. डॉक्टरनं तासभर सांगितलं, गोड सोडा. टाळ्या झाल्या, आणि लगेच सगळ्यांना खव्याचा कुंदा वाटला. डॉक्टरनं दोनदा घेतला.

तर यंदा वैशाली त्या क्लबाची अध्यक्ष झाली. अध्यक्ष म्हणून तिचा पहिलाच कार्यक्रम, आणि पेपरवाला फोटो काढायला येणार. तिच्या आधीचे अध्यक्ष देसाई सर, रिटायर हेडमास्तर. ते गोड हसून सगळ्यांना सांगत फिरत होते, "बघूया, नवीन माणसाला जमतंय का." घरात चार दिवस दुसरा विषय न्हवता.

मी म्हटलं, "वैशाली, पाहुण्याचा फेटा माझ्याकडं लागला."

"आप्पा, क्लबात रेडिमेड फेटे हायत. दोन. ते डोक्यावर ठेवला की झालं."

"शिवलेला फेटा? त्यापरास डोक्यावर बुट्टी पालथी घाला की! माझी सून अध्यक्ष आणि पाहुण्याच्या डोक्यावर शिवलेला फेटा? मी मेल्यावर करा ही थेरं!"

मेल्यावरचं काढलं की सून गप्प बसते, हा माझा अनुभव हाय. तरीबी मला भरवसा न्हवता. म्हणून आदल्या दिवशी मी क्लबात जाऊन ते दोन्ही शिवलेले फेटे कपाटातनं काढले, घरी आणले आणि कोंबड्यांच्या खुराड्यात टाकले. निकाल!

कार्यक्रमाच्या दिवशी मी तासभर आधीच हॉलवर हजर. देसाई सर खुर्च्या मोजत होते. सरांचं डोकं आरशासारखं साफ. त्यांच्याशी माझी जुनीच गंमत चालते.

"सर, फेटा बांधू का? का नको, काचेच्या गोळ्यावर साडी नेसवल्यागत घसरायचा!"

"तुमचं बरं हाय आप्पा. केस हायत वाटतं अजून?"

"आमच्या घराण्यात टक्कल न्हाई सर! आमचा बा गेला तवाबी डोकं भरल्यालं होतं. घरात फोटो हाय, येऊन बघा!"

सर परत खुर्च्या मोजायला लागले. मग मी सगळ्यांना फेट्याचा नियम समजावून सांगितला (कुणी विचारला न्हवता). "एकदा बांधल्याला फेटा ज्याचा त्यानंच घरी जाऊन उतरायचा. चार माणसांत उतरवला, म्हंजे माणसाची इज्जत उतरवली. ह्ये शिवल्यालं असतं त्येला नियम न्हाई, कारण त्येला इज्जतच न्हाई!"

देसाई सरांनी मान हलवली. पुढं त्यांनी हा नियम शब्दन् शब्द ध्यानात ठेवल्याचं मला कळायचं होतं.

वैशाली गेटाशी साखर तपासणीचं टेबल लावत होती. तेवढ्यात मागच्या दारानं पाहुणा आला. पांढरा सदरा, पांढरी विजार, सोनेरी काड्यांचा चष्मा, हातात काळी चामड्याची बॅग. चालणं असं, की जन्मभर लोक ह्याला नमस्कार करत आल्यात. पाहुण्याचं नाव वैशालीनं मला तीनदा सांगितलं होतं, पण त्या वेळी मी फेट्याच्या रंगाचा विचार करत होतो; निपाणीचे डॉक्टर, एवढंच ध्यानात राहिलं. आणि माणूस ओळखायला नाव विचारावं लागलं, तर आपला जन्म फुकट!

"या, या! निपाणीस्नंच आलासा न्हवं?"

"हां री. निपाणीच्या कामावरनंच सरळ आलो," ते म्हणाले. "काम कुठं हाय, दाखवा."

बघा, केवढा मोठा माणूस! आल्या आल्या काम! मी म्हटलं, "काम मागनं. आधी मान घ्या. बसा हितं."

त्यांना खुर्चीत बसवलं. आता फेटा म्हणजे नऊ-दहा हात लांब कापड. घड्या घालताना दुसरं टोक कुणीतरी ताणून धरावं लागतं. नेमकी त्याच दारात एक पोरगी उभी. साधा पंजाबी ड्रेस, खांद्याला पिशवी, एस्टीतनं उतरून आलेली दिसत होती, घाम पुसत होती.

"आजोबा, क्लबचा कार्यक्रम इथंच ना? मी—"

"हितंच, हितंच. बरी आलीस. ह्ये टोक धर."

"अहो, पण मी—"

"बोलू नगंस! बांधताना बोललं की घड्या मोडत्यात."

(तसं काय नसतं. पण बांधताना लोक सल्ले देतात, म्हणून हा नियम मीच काढलाय.)

पोरगी हसली आणि टोक धरून उभी राहिली. धरलं मात्र झकास! ताण बरोबर, उंची बरोबर. मी म्हटलं, "शाब्बास. कुठं शिकलीस?"

"बोलू?"

"बोल."

"आमचे आजोबा निपाणीत तंबाखूच्या वखारीत हमाल होते. मालकाच्या घरी लग्न असलं की फेट्याची टोकं धरायला त्यांनाच बोलवायचे. जन्मभर दुसऱ्याच्या फेट्याची टोकं धरली त्यांनी. त्यांच्या डोक्याला मात्र कुणी कधी बांधला नाही." आणि परत हसून म्हणाली, "आता मी पण टोकच धरून उभी राहिले बघा."

मी "असंच असतंय" म्हटलं आणि शेवटचा पीळ दिला. तुरा काढला. शेमला पाठीवर सोडला. काय फेटा झाला म्हणून सांगू! पाहुण्यांनी मोबाईलात स्वतःला बघितलं आणि त्यांचे डोळेच भरले.

तेवढ्यात वैशाली आत आली. बघितलं. थांबली.

"आप्पा, ह्ये कोण?"

"कोण म्हंजे? पाहुणं! निपाणीचं डॉक्टर!"

"आप्पा, डॉक्टर बाई हायत!"

"बाई?" मी जरा अडखळलो, पण सावरलो. "मग बाई अजून आल्या न्हाईत वाटतं."

"आलेय," माझ्या मागनं आवाज आला. पोरीनं पिशवीतनं चष्मा काढून घातला. "मीच ती."

सगळ्यांनी खुर्चीतल्या फेट्याकडं बघितलं.

"आणि तुम्ही?" वैशालीनं विचारलं.

"मी शिवाप्पा. पाण्याची मोटार दुरुस्तीला. सरांनी फोन केल्ता, टाकीला पाणी चढंना म्हणून."

"मग आधी बोलायचं न्हाई व्हय रं!" मी ओरडलो.

"काम दाखवा म्हटलं की मी! तुम्हीच म्हटलासा, आधी मान घ्या. मला वाटलं, हितं मिस्त्रीलाबी फेटा बांधायची पद्धत हाय. मनात म्हटलं, लई चांगली पद्धत!" मग तो बिचारा उठला आणि दोन्ही हात डोक्याकडं नेत म्हणाला, "काढू काय री मग?"

मी तोंड उघडायच्या आत देसाई सर उभे राहिले. "काढू नका! आप्पांनी आत्ताच नियम सांगितलाय. चार माणसांत फेटा उतरवला, म्हंजे माणसाची इज्जत उतरवली. व्हय न्हवं आप्पा?"

नियम माझाच!

"आयतु," म्हणाला शिवाप्पा. झालं म्हणायचं. बॅग उचलली, आणि फेट्यासकट शिडीनं टाकीवर चढला. रस्त्यावरची माणसं थांबून वर बघायला लागली. खालनं कुणीतरी ओरडलं, "अरं, नवरदेव टाकीवर चढलाय! पोरगी पसंत न्हाई वाटतं!" साखर तपासायला लागलेली रांग मोडून सगळी तिकडं पळाली. पेपरवाला आला, त्यानं पहिला फोटो टाकीचा काढला.

वैशाली मला कोपऱ्यात घेऊन म्हणाली, "आप्पा, दुसरा फेटा?"

"एकच आणलाता."

"मग रेडिमेड आणा! कपाटात हायत दोन."

"न्हाईत. घरी हायत."

"घरी कुठं?"

"खुराड्यात. एकात कोंबडी बसलीया. अंड्यावर."

वैशालीचे डोळे भरून आले, आणि ती मागं वळून पाण्याच्या बाटल्या सरळ करायला लागली. बाटल्या सरळच होत्या. चार दिवस पोरीला झोप न्हवती. सकाळी भाकरी थापतानाबी ती स्वागताचं भाषण म्हणून बघत होती.

डॉक्टरबाई म्हणाल्या, "अहो, राहू दे. फेटा कशाला? मला सवय आहे."

त्या साधंच बोलल्या. पण 'सवय आहे' म्हटल्यावर मला ते टोक आठवलं, टोक धरणारा तो म्हातारा आठवला, आणि 'असंच असतंय' म्हणणारं माझं तोंड आठवलं.

आता एक गोष्ट सांगतो, जी मी तीस वर्षं सांगितली न्हाई. चाळिशी ओलांडली आणि माझं डोकं साफ झालं. एक केस औषधाला न्हाई! दिवसभर फेटा, झोपताना मफलर. आमच्या मंडळींशिवाय कुणाला माहीत न्हवतं (आणि तिला गप्प ठेवायला मला दर दिवाळीला साडी घ्यावी लागली). आता हॉलात एकच फेटा उरला होता, तो माझ्या डोक्यावर. समोर पहिल्या खुर्चीत देसाई सर.

मी डोळे मिटले आणि फेटा सोडायला सुरुवात केली.

"आप्पा!" वैशाली ओरडली. "चार माणसांत?"

"नियम माझा हाय. मोडीनबी मीच. ये पोरी, बस हितं. आणि सर, तुम्ही या. टोक धरा!"

देसाई सर उठले, माझ्या डोक्याकडं बघितलं, परत बघितलं. हसले न्हाईत. खिशातनं कंगवा काढला आणि मोठ्या अदबीनं माझ्यापुढं धरला. (टक्कल पडलेल्या माणसाच्या खिशात कंगवा का असतो, ते मला विचारू नका. माझ्याबी होता.)

मग टोक मात्र त्यांनी नीट धरलं. आणि तुरा असा निघाला, की आख्ख्या हॉलानं टाळ्या वाजवल्या. त्याच वेळी बाहेर नळाला पाणी आलं आणि शिवाप्पा शिडीवरनं उतरून दिमाखात पहिल्या रांगेत येऊन बसला. पाहुण्या पाहुण्यांची नजरानजर झाली.

मी मागच्या मागं सटकत होतो. पण भाषणाचा विषय मला तवा कुठं ठाऊक होता? विषय होता, केस आणि केसांची निगा!

"आप्पा, कुठं चाललात?" डॉक्टरबाईंनी मायकातनं हाक मारली. "पाच मिनिटं इथं बसा ना. समोर असलं की लोकांना चांगलं समजतं."

बसलो. बाईंनी माझ्या डोक्यावरनं पेन फिरवून हितं सुरू होतं, मग मागं सरकतं, असं सगळं दाखवलं. शाळेत भूगोलाच्या तासाला गुरुजी नकाशावर काठी फिरवायचे, तसं! मागची माणसं उभी राहून बघत होती. शिवाप्पानं तर पुढं येऊन हात लावून बघितला.

इज्जत वाचवावी म्हणून मी म्हटलं, "बाई, ह्ये फेट्याच्या उष्णतेनं झालंय. न्हाईतर आमच्या घराण्यात टक्कल न्हाई."

"फेट्यानं केस जात नाहीत आप्पा, उगीच त्याला बोल लावू नका. हे बहुतेक घराण्यातनंच येतं. वडिलांचे केस कसे होते?"

"भरल्यालं डोकं! फोटो हाय घरात!"

"फोटोत डोक्यावर काय आहे?" बाईंनी विचारलं.

मी फोटो डोळ्यांसमोर आणला. फोटोत फेटा हाय. बा शेतात फेट्यात, जेवायला फेट्यात. आणि त्याच्या शेजारी आज्याचा फोटो, त्यातबी फेटा. आमच्या बाचं डोकं मी जन्मात कधी उघडं बघितलं न्हवतं! ज्याला मी घराण्याची इज्जत म्हणत होतो, ती पिढ्यान् पिढ्या झाकलेली टकलं निघाली!

कार्यक्रम मात्र असा गाजला, की क्लबात असा कधी झाला न्हवता, असं खुद्द देसाई सर म्हणाले. वैशाली घरी येईस्तोवर हसत होती. पेपरात फोटो आला. मधे डॉक्टरबाई फेट्यात, उजवीकडं शिवाप्पा फेट्यात. खाली छापलं होतं, 'दोन्ही प्रमुख पाहुणे व इतर'. इतरांत मी. ओळखू यायला नाव लागलंच न्हाई. उजेड माझ्या डोक्यावरच पडलाता.

फोटो आला त्या सकाळी आमचा मुलगा, वैशालीचा नवरा, आरशासमोर लई वेळ उभा होता. तीस वर्षं फेट्याला नावं ठेवणारं ते पोरगं कपाळावरचे केस मागं सारून, आरशाच्या जवळ जाऊन, दूर होऊन बघत होतं. मग हळूच माझ्याकडं आलं.

"आप्पा, तेवढं फेटा बांधायला शिकवा की."

पोरगं माझ्याकडनं कायबी घेत न्हाई, म्हणून जन्मभर मी गावभर तक्रार करत फिरलो. बिचाऱ्यानं नको ते आधीच घेतलं होतं.