लाल शाईखालचं गाव

लाल शाईची दौत उघडली, की तो वास मला पासष्टच्या लढाईनंतरच्या उन्हाळ्यात नेतो. सांगलीतल्या एका शाळेत आम्ही अकरावीच्या, म्हणजे तेव्हाच्या मॅट्रिकच्या, इंग्रजीच्या उत्तरपत्रिका तपासत होतो. प्रश्न होता भावाला पत्र लिहिण्याचा. मांडणी, मजकूर आणि भाषा मिळून दहा गुण. मुलं पाठ केलेलं पत्र उतरवायची आणि खाली, नियमाप्रमाणे, 'एक्स वाय झेड' अशी सही करायची. एका मुलीनं मात्र मोडक्यातोडक्या इंग्रजीत सीमेवरच्या भावाला खरंच विचारलं होतं, 'लढाई थांबली, तुझं पत्र का नाही? आई जेवत नाही.' खाली तिचं खरं नाव आणि साताऱ्याकडचं गाव. ओळख दिली की पत्राला शून्य. मी पेपर मुख्य परीक्षकांपुढे ठेवला. ते वाळव्याकडचे, गुण द्यायला लय चिकट. त्यांनी दोनदा वाचलं, नाव-गाव लाल शाईनं पार झाकून टाकलं आणि म्हणाले, "आता हे कुणाचं हाय, कळतंय का बाई? न्हाई ना? मग द्या आठ." मी दिले. पण ते गाव मी आधीच वाचलं होतं. पुढं कितीतरी वर्षं साताऱ्याला जाताना एसटी त्या गावाच्या फाट्यावर थांबायची. मी एकदाही उतरले नाही.